खंजिरी, गिटार आणि प्रिंटरची तार

वर्धा, हिंगणघाट, आर्वी अशा गावांतल्या ज्या घरात इलेक्ट्रिक गिटार येते, त्या घरात तिच्यामागोमाग एक ‘प्रोसेसर’ही येतो. पाटीएवढा डबा, पायाने दाबायच्या दोन-चार कळी, एक छोटा पडदा आणि आत नाना अँप्लिफायरच्या आवाजांच्या आकड्यांनी केलेल्या नकला. (‘पायपेटी’ हा चांगला शब्द हार्मोनियमने आधीच घेऊन ठेवला आहे, नाहीतर या डब्याला तोच शोभला असता.) डब्याच्या पाठीवर एक चौकोनी भोक असतं, प्रिंटरच्या मागे असतं तसंच. ते कशासाठी, असं विचारलं तर बरीच मुलं सांगतात, नवे ‘टोन’ भरायला. काही म्हणतात, आम्ही ते कधी वापरलंच नाही.

त्या भोकाविषयी मला इथे लिहायचं आहे. मी नोकरीभर भौतिकशास्त्र शिकवलं, गिटार हौसेने वाजवतो आणि निवृत्तीनंतर जिल्ह्यातल्या भजनी मंडळांच्या चाली नोंदवत हिंडतो. या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध त्या भोकापाशी येतो, म्हणून हा खटाटोप.

आधी चालींचं सांगतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं छापील आहेत, गावोगाव पुस्तकं आहेत. महाराजांची कर्मभूमी शेजारच्या अमरावती जिल्ह्यातली गुरुकुंज मोझरी, पण खंजिरीवरचं त्यांचं भजन वर्धा जिल्ह्यातही तितकंच रुजलं. १९३६ साली गांधीजींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला (तेव्हाचं शेगाव) येऊन राहिले होते. १९४२च्या ऑगस्टमध्ये आष्टीचे लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, त्यामागच्या वातावरणात या भजनांचा वाटा होता, असं आष्टी-चिमूरच्या इतिहासात सांगितलं जातं. शब्द असे जपले गेले. चाल मात्र कागदावर नाही. ती ऐकून ऐकून पुढे जाते आणि मंडळागणिक बदलते. सेलूकडच्या मंडळात जे भजन संथ ऐकलं, तेच कारंज्याकडे दुप्पट लयीत आणि वेगळ्या उठावणीने ऐकलेलं आहे. ज्यांच्या कानांवर महाराजांच्या हयातीतली गायकी पडली, ती माणसं आता सत्तरी-ऐंशी ओलांडलेली आहेत. महाराज १९६८ साली गेले. हिशेब वाचकांनी करावा.

हे आवाज नागपूरच्या स्टुडिओत नेऊन मुद्रित करावेत, असं कुणी सुचवतं. पंचाहत्तर किलोमीटर, तासाचं भाडं, काचेमागचा अनोळखी माणूस आणि कानाला लावलेले हेडफोन यांत ऐंशी वर्षांचे बुवा गात नाहीत, गाऊन दाखवतात. त्यांच्याच ओसरीवर मुद्रण व्हायला हवं. त्यासाठी लागणारं यंत्र त्यांच्या नातवाच्या खोलीत पलंगाखाली पडलेलं असतं.

आवाज टिपण्याचं यंत्र कुणाच्या हाती, हा प्रश्न जुनाच आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहरजानचा आवाज मेणावर उतरवून घेऊन गेला. यंत्र कंपनीचं, वेळ कंपनीची. ख्याल तीन मिनिटांत बसवायचा, कारण तबकडी तेवढीच. गांधीजींचं ईश्वराविषयीचं प्रसिद्ध इंग्रजी भाषण आपल्याला ऐकू येतं, तेही १९३१ साली लंडनला कोलंबिया कंपनीने मुद्रित केलं म्हणून. पुढे १९४८ला नागपूरला आकाशवाणी आली, तिथे स्वरचाचणी आली. घरच्या घरी थरावर थर चढवून मुद्रण करण्याची कल्पना मात्र एका गिटारवाल्याची म्हणावी लागेल. अमेरिकेतल्या लेस पॉलने आपल्या गॅरेजात तबकडी कोरायचं यंत्र मांडलं. एक गिटार वाजवून मुद्रित करायची, ती लावून तिच्यासोबत दुसरी वाजवायची आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर घ्यायच्या, असं करत त्याने एकट्याने आठ गिटारींचं ‘लव्हर’ तयार केलं. १९४८ साली ते बाजारात आलं. तबकडी बिघडली तर पुन्हा पहिल्यापासून.

आपल्या वर्ध्यात मगन संग्रहालय आहे. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते ते उघडलं गेलं. मगनवाडीत कुमारप्पांनी चालवलेल्या ग्रामोद्योगांच्या खटपटीचं ते घर. हातकागद, घाणी, चरखे. कुमारप्पांचा रोख असा की अवजार करणाऱ्याच्या घरात असावं आणि त्याला ते उघडून, समजून घेता यावं. प्रोसेसरचा डबा उघडून फारसं काही हाती लागत नाही, पण तो समजून घेता येतो, आणि ते कुणी समजावून सांगत नाही.

तर आता डब्यात शिरू.

गिटारची तार पोलादाची. तिच्याखाली चुंबकांभोवती बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळलेली असते, तिला पिकअप म्हणतात. तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत किंचित वीज उभी राहते. बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार, १९३२च्या सुमाराची रिकनबॅकर, ही मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. आपल्याकडच्या रेडिओच्या श्रोत्यांना गिटार म्हटलं की जी आठवायची तीच. असो. तर ही वीज अशक्त असते. लॅपटॉपच्या मायक्रोफोनच्या भोकात गिटार सरळ खुपसली तर आवाज येतो, पण गोणपाटाखालून आल्यासारखा दबलेला. कारण असं. पिकअप ही मंद पाझराची विहीर समजा. तिच्यावर बादलीने पाणी शेंदलं तर पुरतं. पाच अश्वशक्तीचा पंप बसवला तर दोन मिनिटांत तळ दिसतो. लॅपटॉपचं भोक हा तो पंप : त्याचा अंतर्गत रोध काही हजार ओहमचा, म्हणजे ओढ फार. पिकअपचं प्रेरकत्व तीनएक हेन्री धरलं, तर ३००० हर्ट्झच्या वरच्या स्वरांना त्याचाच अडथळा सुमारे ५६ हजार ओहम होतो. वरचे स्वर आधी आटतात आणि खर्ज तेवढा उरतो. गिटारसाठी बनवलेल्या भोकाचा रोध साधारण दहा लाख ओहम असतो. तो बादलीने, हलक्या हाताने शेंदतो. प्रोसेसरला असं भोक असतंच, गिटारसाठीच तर तो आहे.

त्यानंतर डब्यात एक चिप विजेचं माप घेते. सेकंदाला ४४,१०० वेळा किंवा ४८,००० वेळा. माणसाला ऐकू येणारा सर्वांत तार स्वर २०,००० हर्ट्झच्या आसपास. कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळा मोजलं तर ते पुन्हा जसंच्या तसं उभं करता येतं, हा नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धान्त. म्हणून चाळीस हजारांहून जास्त. ४४,१०० हा विचित्र आकडा कुठून आला, हे मला वर्गात सांगायला फार आवडायचं. सुरुवातीच्या काळात हे आकडे व्हिडिओ टेपवर साठवत. अमेरिकी-जपानी पद्धतीत २४५ उपयोगी रेषा, सेकंदाला ६० वेळा, रेषेवर ३ मापं. युरोपी पद्धतीत २९४ रेषा, ५० वेळा, ३ मापं. दोन्ही गुणाकार करून पाहा. टीव्हीच्या पडद्याने ठरवलेला आकडा पुढे सीडीत गेला आणि आजही आपल्या गाण्यांत आहे.

प्रत्येक माप किती बारकाईने लिहायचं तेही ठरवावं लागतं. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या, २४ बिटांत १ कोटी ६७ लाखांहून अधिक. २४ बिट निवडा. त्यामुळे आवाज हळू घेतला तरी चालतो, आणि ही सवलत खंजिरीच्या वेळी लाखमोलाची ठरते.

आता मूळ मुद्दा. हे माप घेणं, म्हणजे आवाजाचे आकडे करणं, एकदाच व्हावं. अनेक घरांत मी पाहतो ते असं : गिटार प्रोसेसरमध्ये, तिथे आकडे झाले, प्रोसेसरच्या हेडफोनच्या भोकातून तार काढून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात, म्हणजे आकड्यांची पुन्हा वीज झाली आणि लॅपटॉपच्या स्वस्त चिपने तिचे पुन्हा आकडे केले. दर वेळी थोडा खरखराट आत येतो. पाठीवरच्या चौकोनी भोकातून मात्र आकडेच जातात. बहुतेक प्रोसेसर यूएसबीवरून संगणकाला सांगतात की मी साउंड कार्ड आहे. स्टुडिओतलं ‘ऑडिओ इंटरफेस’ म्हणून जे वेगळं विकत घ्यायला सांगितलं जातं, त्याचं मुख्य काम या डब्यात होतंच असतं.

‘बहुतेक’ म्हटलं, कारण काही स्वस्त डब्यांचं यूएसबी फक्त टोन भरण्यापुरतं किंवा मिडीपुरतं असतं. मिडी म्हणजे आवाज नव्हे; कोणती पट्टी, कधी, किती जोराने दाबली याचा निरोप. १९८३च्या जानेवारीत अमेरिकेत दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखवले गेले, तिथून मिडी सुरू झालं. सेकंदाला ३१,२५० बिट एवढाच त्याचा वेग, निरोपाला तेवढा पुरतो. (त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलंडच्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून तबकडी काढली होती. फिल्मी वाद्यवृंदातला हा गिटारवादक. तबकडी तेव्हा कुणी घेतली नाही, वीस-पंचवीस वर्षांनी जगाने उचलून धरली.) तेव्हा डबा घेताना किंवा उसना आणताना माहितीपत्रकात ‘यूएसबी ऑडिओ’ हे दोन शब्द आहेत का, एवढं पाहावं.

आता नेहमीची तक्रार. ‘काका, लॅपटॉपले प्रोसेसर दिसूनच नाही राहिला.’ दहापैकी बऱ्याच वेळा दोष तारेचा असतो. चौकोनी भोक असेल तर प्रिंटरची तार चालते, उत्तम चालते. पण नव्या डब्यांना मोबाइलसारखं भोक असतं आणि तिथे मुलं चार्जरची तार लावतात. चार्जिंगच्या स्वस्त तारांत विजेच्या दोनच वायरी असतात, आकडे नेणाऱ्या दोन नसतातच. डब्याचा दिवा लागतो, म्हणून तार चांगली वाटते. दुसरी तार लावली की डबा दिसतो. विंडोज असेल तर डबा लावण्याआधी त्या कंपनीचा ड्रायव्हर उतरवून बसवायचा. मॅकवर आणि लिनक्सवर पुष्कळ डबे ड्रायव्हरशिवाय ओळखले जातात, कारण यूएसबीवरच्या आवाजासाठी १९९८पासून एक सामायिक बोली ठरलेली आहे. तार सरळ लॅपटॉपला लावावी, चार भोकांच्या हबला नको.

डबा दिसला की मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो आवाज घेण्यासाठी निवडायचा आणि आवाज ऐकण्यासाठीही तोच. ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर थोड्या पैशांत मिळतं, दोन्हींत हे करता येतं. हेडफोन लॅपटॉपला नको, डब्याला लावायचा. याला कारण आहे. प्रत्येक यंत्राच्या पोटात स्फटिकाचं घड्याळ असतं आणि सेकंदाला ४८,००० वेळा म्हणजे नेमकं किती, हे ते घड्याळ ठरवतं. दोन घड्याळं कधीच अगदी सारखी नसतात. दहा लाखांत पन्नासचा फरक म्हणजे नगण्यच, पण दहा मिनिटांच्या भजनात तो ३० मिलिसेकंदांवर जातो. गिटार डब्यावर, खंजिरी मोबाइलवर अशी वेगवेगळी मुद्रित करून नंतर जोडली, तर सुरुवातीला सम जुळते आणि शेवटाला खंजिरी मागे पडते. वादकाला उगीच बोल लागतो. दोन यंत्रं वापरावीच लागली, तर आरंभी एक टाळी आणि संपल्यावर एक टाळी दोन्हींना ऐकू जाईल अशी वाजवावी. नंतर त्या दोन टाळ्या एकमेकींवर बसवता येतात.

मापांचा वेगही सगळीकडे एकच हवा. डबा ४४,१००वर आणि सॉफ्टवेअर ४८,०००वर धरून चालत असेल आणि मधे जुळवाजुळव झाली नाही, तर आवाज वेगाने धावतो आणि जवळजवळ दीड अर्धस्वराने चढतो. पांढरी एकमध्ये गायलेलं भजन काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी लटकतं. बुवांचा आवाज तरुण झाल्यासारखा वाटतो, म्हणून चूक पटकन ध्यानात येत नाही.

यानंतर येते ती उशिराची कटकट, आणि ती जरा निवांत सांगण्यासारखी आहे, कारण घरगुती मुद्रण बहुतेक जण इथेच सोडून देतात. संगणक आकडे एकेक करून घेत नाही. टोपली भरली की उचलतो. टोपलीत २५६ मापं मावत असतील आणि सेकंदाला ४४,१०० येत असतील, तर ती भरायला ५.८ मिलिसेकंद लागतात. १०२४ची टोपली २३ मिलिसेकंद घेते. आत येताना एक टोपली, बाहेर जाताना एक, शिवाय चिपचा आणि ड्रायव्हरचा थोडा वेळ. म्हणजे मोठ्या टोपलीने वाजवलेला स्वर कानावर पडेपर्यंत पन्नासच्या जवळपास मिलिसेकंद जातात. हे किती? हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. (आपल्या मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत थोडा अधिक, ३६च्या आसपास.) भजनी मंडळात दोन मीटरवर बसलेल्या टाळकऱ्याचा आवाज सहा मिलिसेकंद उशिरा येतो आणि कुणाचं काही अडत नाही. पन्नास मिलिसेकंद म्हणजे टाळकरी सतरा मीटरवर, मंडपाच्या दुसऱ्या टोकाला. द्रुत लयीत मिनिटाला १२० मात्रा आणि मात्रेत खंजिरीचे चार ठोके असतील, तर दोन ठोक्यांत १२५ मिलिसेकंदांचं अंतर. त्यात पन्नासचा उशीर म्हणजे हात आणि कान यांचं भांडणच.

टोपली लहान केली की उशीर कमी होतो, पण संगणकाची धावपळ वाढते आणि तो दमला की आवाजात टकटक येते. विंडोजच्या आवाजाच्या नेहमीच्या वाटेत मधे बरीच ठाणी आहेत. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली त्यांना वळसा घालणारा रस्ता काढला, एएसआयओ. प्रोसेसरच्या कंपनीचा ड्रायव्हर बहुधा हाच रस्ता उघडून देतो. रीपरमध्ये तो निवडायचा, १२८ किंवा २५६ची टोपली ठेवायची. ऑडॅसिटी मात्र जशी मिळते तशी या रस्त्याने जात नाही. एकेकच आवाज घ्यायचा असेल तर तिने भागतं.

याहून सोपी युक्ती डब्यातच आहे. गिटारचा आवाज संगणकाकडे जाऊन परत येईपर्यंत थांबायचंच कशाला? डबा तो हेडफोनला तिथल्या तिथे ऐकवतो. सॉफ्टवेअरमधलं ‘मॉनिटर’ बंद करायचं, बस. ते चालू राहिलं तर एकच स्वर दोनदा ऐकू येतो, विहिरीत हाक मारल्यासारखा, आणि मुलांना वाटतं प्रोसेसरचा इको चालू राहिला. आधी मुद्रित केलेलं भजन संगणकातून, स्वतःचं वाजवणं डब्यातून, दोन्ही एकाच हेडफोनमध्ये. उशिराचा प्रश्न बव्हंशी मिटतो.

काही डबे यूएसबीवरून चार वाटांनी आवाज पाठवतात : दोन वाटांवर सजवलेला, दोन वाटांवर कोरा. तशी सोय असेल तर कोराही घ्यावा. सजावट नंतर बदलता येते, कोरा आवाज पुन्हा मिळत नाही. भजनाला गिटारची साथ देणाऱ्या मुलांना ‘डिस्टॉर्शन’चा मोह होतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

विजेचं बघू. आपली वीज ५० हर्ट्झची आणि तिची गुणगुण ५०, १००, १५० अशी चढत जाते. गिटारची सर्वांत खर्जाची तार ८२.४ हर्ट्झवर, तिच्यावरची ११०वर. शत्रू अगदी शेजारी राहतो. गुणगुण आली की पहिलं काम : लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढायचा आणि बॅटरीवर मुद्रण करायचं. पुष्कळ घरांत एवढ्याने ती थांबते, कारण चार्जर आणि प्रोसेसर दोन वेगळ्या वाटांनी जमिनीला जोडले गेले की त्या वळशातून वीज फिरते. प्लगची मधली जाडी पिन काढून टाकण्याचा सल्ला देणारे असतात. तो ऐकू नये. ती पिन जिवासाठी आहे. जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. मिठाकोळशाच्या त्या खड्ड्यात पाणी घालण्याची रीत आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होती. हल्ली ते काम कुणाच्याच वाट्याला नसतं.

आणि कूलर! पुण्या-मुंबईच्या लेखकांनी लिहिलेल्या ध्वनिमुद्रणाच्या लेखांत एअर कंडिशनरविषयी असतं, कूलरविषयी नसतं. विदर्भात मार्च ते जून खोलीच्या खिडकीत पंखा, पाण्याचा पंप आणि वाळ्याच्या ताट्या घेऊन तो उभा. त्याचे उपद्रव दोन. घरघर माइकमध्ये जाते हे सगळ्यांना कळतं. दुसरा ऐकू येत नाही : मोटरीचं आणि पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचं चुंबकीय क्षेत्र पिकअप थेट हवेतून उचलतो. तारेने जोडलेलं काहीच नसतं, तरी भुणभुण येते. गिटार हातात घेऊन जागच्या जागी गोल फिरा, एका दिशेला ती कमी होते. तिकडे तोंड करून बसायचं. माझा शिरस्ता साधा आहे : पहाटे पाच ते सात, कूलर बंद, पंखा बंद. तेव्हा पाखरं असतात, ती राहू द्यावीत. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन्ही स्थानकं मोठ्या मार्गांवर, मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई. मालगाडीची थरथर रुळांपासून बऱ्याच अंतरावरच्या घरातही माइकच्या स्टँडमधून चढते. स्टँडखाली दुमडलेली सतरंजी आणि सॉफ्टवेअरमध्ये ८० हर्ट्झखालचं कापून टाकणं, दोन्ही करावं.

खंजिरीसाठी एक चांगला डायनॅमिक माइक पुरतो, सभेत भाषणाला वापरतात तसा. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टची वीज तारेतून द्यावी लागते आणि गिटारच्या प्रोसेसरकडे ती सहसा नसते. डब्याला माइकचं तीन पिनांचं तोंड असेल तर सरळ लावा. नसेल तर माइकच्या तारेला लावायचा छोटा ट्रान्सफॉर्मर मिळतो. तो माइकचा आवाज दहा-पंधरा पटींनी उंच करून गिटारच्या भोकाला मानवेल असा देतो. मग प्रोसेसरमधले सगळे इफेक्ट बंद करायचे, अँप्लिफायरची आणि स्पीकरची नक्कलही बंद. हे विसरलं तर खंजिरी पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखी येते.

खंजिरीचा ठोका अवघड असतो. चामड्यावर बोटं पडतात त्या क्षणी आवाज एकदम उसळतो आणि काही मिलिसेकंदांत बसतो. पाठोपाठ झांजांची किणकिण लांबत राहते. सॉफ्टवेअरमधला आवाजाचा काटा निवांत दिसतो, पण शिखर शून्याला टेकून कापलं गेलेलं असतं, आणि शून्याच्या वर आकडाच नसल्यामुळे कापलेलं परत जोडता येत नाही. म्हणून बुवांना आधी अगदी रंगात येऊन वाजवायला सांगावं आणि तेव्हाचं शिखर उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही असं ठेवावं. भजन रंगलं की हात आणखी जोरात पडतोच. माइक हातभर ते दीड हात दूर, चामड्याच्या समोर न धरता थोडा तिरपा, गाणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर. असं केलं तर एकाच माइकमध्ये आवाज आणि खंजिरी यांचा मेळ बुवा स्वतःच राखतात. आयुष्यभर तेच करत आले आहेत. वेगवेगळे माइक लावून नंतर मिसळण्याचा हट्ट मी सोडायला सांगतो. चालीची नोंद हा हेतू असेल तर तिच्यात गाणाऱ्याचा तोल दिसला पाहिजे, माझा नाही. गिटार, हार्मोनियम जे काही भरीला घालायचं ते नंतर, वेगळ्या थरावर.

एका खेड्यात मुद्रण करताना नातू लॅपटॉपपाशी बसला होता. पहिलं भजन संपल्यावर त्याने हेडफोन आजोबांच्या कानाला लावला. आजोबांनी पूर्ण ऐकलं, हेडफोन काढला आणि म्हणाले, ‘दुसऱ्या कडव्यात म्या चाल सोडली. आमच्या गुरूची तशी नव्हती. पुन्हा घे.’ मग त्यांनी गुरूंची चाल गायली, अगोदर मला कधी ऐकायला न मिळालेली, मधल्या ओळीला खाली उतरणारी. स्टुडिओच्या घड्याळाखाली त्यांनी ‘पुन्हा घे’ म्हटलं असतं का, मला शंका आहे.

साठवणुकीचं थोडक्यात. फाइल वेव्हच्या स्वरूपात, २४ बिट, ४८,०००. एका माइकचं एक मिनिट म्हणजे साधारण साडेआठ एमबी, तासाला पाचशेच्या वर. आजच्या पेनड्राइव्हला हे जड नाही. एमपी३ वाटायला ठीक, मूळ म्हणून नको. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर ती वाटेत चेपली जाऊ शकते. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत. फाइलच्या सुरुवातीला बुवांच्याच तोंडून गाव, तारीख, भजनाची पहिली ओळ आणि चाल कुणाकडून घेतली ते बोलवून घ्यावं. कागदाची चिठ्ठी हरवते, फाइलचं नाव कुणीतरी बदलतं, आवाजात सांगितलेलं फाइलबरोबर राहतं. गाणाऱ्याची परवानगीही तिथेच, बोलून. आणि हे लोकांपुढे आणायचं झालं, तर एक ध्यानात ठेवावं : आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं त्याच्या शब्दांवर हक्क चालतो, म्हणजे महाराजांच्या भजनांच्या बाबतीत २०२८ अखेरपर्यंत. गावातल्या मंडळाने स्वतःसाठी नोंद ठेवायला त्याची अडचण नाही, विकायला किंवा प्रसारित करायला विचारावं लागेल.

देवळी, समुद्रपूर आणि आष्टी तालुक्यांतली काही गावं माझी अजून राहिली आहेत. आता थंडी पडेल, कूलर उतरतील, कापसाची घाई सरली की मंडळं रात्री बसू लागतील. प्रत्येक गावात गिटार वाजवणारं एखादं पोर निघतंच. त्याला मी एवढंच सांगून ठेवतो की प्रोसेसर आण आणि येताना प्रिंटरची तार विसरू नको.